अंतराळ आणि मानवी देह

ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमालेची मुहूर्तमेढ रोवली, त्याच साली पॅरिसला एक शोचनीय घटना घडली. पृथ्वी सोडून वर गेलेल्या मानवी देहाचे काय होते, या प्रश्नाचा इतिहास सांगताना आम्ही तिच्यापासूनच आरंभ करतो.

१५ एप्रिल रोजी 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून तिघे फ्रेंच गृहस्थ आकाशात चढले : गास्तों तिसांदिए, क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल. उंचावर हवा विरळ होते हे त्यांस ठाऊक होते. म्हणून पोल बेर या शरीरशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने त्यांनी प्राणवायूच्या पिशव्या बरोबर घेतल्या होत्या. साठा अपुरा पडेल, असा इशारा देणारे बेर यांचे पत्र मात्र त्यांना वेळेवर मिळाले नाही. बलून ८,००० मीटरांच्या वर गेले. ते खाली आले तेव्हा तिसांदिए तेवढे जिवंत होते.

तिसांदिए यांनी मागाहून लिहिलेली हकीकत विचार करायला लावणारी आहे. वर असताना त्यांना वेदना झाल्या नाहीत, भीती वाटली नाही; उलट मन एका विलक्षण आनंदाने भरून गेले. प्राणवायूची नळी तोंडाजवळच होती, पण ती धरण्यास हात उचलेना, आणि त्याची खंतही वाटेना. संकट आले ते सुखाचा वेष घेऊन. पुढच्या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

या मृत्यूंचे कारण बेर यांनी प्रयोगांनी सिद्ध केले आणि १८७८ साली आपल्या ग्रंथात मांडले. उंचावरही हवेतील प्राणवायूचे प्रमाण शेकडा २१ च राहते. कमी होतो तो त्याचा दाब, आणि दाबावाचून तो रक्तात शिरत नाही. सुमारे १९ किलोमीटर उंचीवर तर हवेचा दाब इतका उतरतो की, आपल्या अंगच्या उष्णतेवरच पाणी उकळू लागते. अंतराळाची सीमा १०० किलोमीटरवर आहे असे मानण्याचा प्रघात आहे. पण देहापुरते बोलायचे तर अंतराळ या १९ किलोमीटरवरच सुरू होते.

हा धडा माणसाला ठाऊक होता, तरी तो विसरला जायचा राहिला नाही. ३० जून १९७१ रोजी 'सोयूझ ११' हे रशियन यान २३ दिवसांच्या प्रवासानंतर ठरल्याप्रमाणे उतरले. मदतीस धावलेल्यांनी दार उघडले, तो दोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव्ह आणि पात्सायेव्ह हे तिघेही आपापल्या आसनांवर निष्प्राण आढळले. यानाचे भाग विलग होताना एक झडप अवेळी उघडली आणि आतली हवा निघून गेली होती. जागेच्या अडचणीमुळे तिघांनाही दाबाचे पोशाख दिलेले नव्हते. तेव्हापासून सोयूझमधून चढता-उतरताना तो पोशाख घालावाच लागतो.

हवेची गरज अशी काही क्षणांत कळते. वजनाचे तसे नाही. अंतराळात पृथ्वीचे आकर्षण संपते असा सर्वत्र समज आहे, तो बरोबर नाही. ४०० किलोमीटर उंचीवरही ते जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असते. परंतु यान आणि माणूस दोघेही पृथ्वीभोवती सारखे पडतच असतात. एकाने दुसऱ्याला आधार द्यावा असे तेथे उरत नाही. जत्रेतला पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो ना, तीच स्थिती तेथे दिवसचे दिवस टिकते.

प्रथम डॉक्टरांना भलत्याच शंका होत्या. घास गिळता येईल काय? डोळ्यांना नीट दिसेल काय? १२ एप्रिल १९६१ रोजी गागारिन १०८ मिनिटांत सुखरूप परतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तितोव्ह दिवसभर फिरले, आणि गाडी लागावी तशी त्यांना मळमळ झाली. १९६२ मध्ये अमेरिकेच्या ग्लेन यांनी नळीतून सफरचंदाचा गर खाऊन दाखविला. शंका फिटल्या, वजन नसणे ही मोठी मौज आहे असेच सर्वांना वाटू लागले.

त्या मौजेची किंमत १९७० च्या जूनमध्ये कळली. निकोलायेव्ह आणि सेवास्त्यानोव्ह सुमारे १८ दिवस अंतराळात राहून आले, तेव्हा त्यांना आपल्या पायांवर धड उभे राहवेना. स्वतःचेच शरीर त्यांना जड झाले होते.

याचे कारण असे. हाड म्हणजे घराची तुळई नव्हे. ते जिवंत आहे. रोज थोडे मोडते, रोज थोडे बांधले जाते, आणि किती बांधायचे हे त्यावर पडणाऱ्या भारावरून ठरते. भार गेला की बांधणी मंदावते, मोडणी चालूच राहते. भार वाहणारी हाडे महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का झिजतात आणि त्यांतले कॅल्शियम लघवीवाटे निघून जाते. स्नायू रोडावतात. पायांकडचे रक्त वर सरकते व चेहरा सुजतो. यांपैकी हाडाची झीज तर मुळीच दुखत नाही. तिसांदिए यांना वाटलेला आनंद येथे संथ पावलांनी येतो, एवढाच फरक.

उपाय म्हणून आता अंतराळस्थानकात रोज सुमारे दोन तास व्यायाम चालतो. १९८४ साली आपले राकेश शर्मा 'साल्यूत ७' वर गेले, तेव्हा योगासनांचा काही उपयोग होतो का, हे त्यांनी पाहिले. पोल्याकोव्ह हे स्वतः डॉक्टर. १९९४-९५ मध्ये सलग ४३७ दिवस वर राहून ते परतले आणि यानापासून जवळच्या खुर्चीपर्यंत आपल्या पायांनी चालत गेले. ती चार पावले म्हणजे व्यायामाचा विजयच होता. पण डोळ्यांची जुनी शंका मात्र २०११ साली वेगळ्या रूपाने परत आली. अनेक महिने वर राहिलेल्या काही अंतराळवीरांच्या डोळ्यांतील मज्जातंतूंना सूज आल्याचे आणि दृष्टीत फरक पडल्याचे त्या वर्षी प्रसिद्ध झाले. मंगळाचा एकेरी प्रवासच सहा ते नऊ महिन्यांचा. त्या वाटेवर पृथ्वीच्या चुंबकीय कवचाचा आडोसाही नाही. तेथील किरणांवर पुरता उपाय अजून सापडलेला नाही.

हे सारे दूर आकाशातले आहे असे श्रोत्यांनी मानू नये. अंतराळात न जाता हे परिणाम अभ्यासायचे असतील, तर शास्त्रज्ञ धडधाकट माणसांना कित्येक आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावतात. कारण हाडांची आणि स्नायूंची तशीच हानी तेथेही होते. आपल्या घरी आजारातून उठणाऱ्या वृद्ध माणसाला आपण मायेने म्हणतो, 'पडून राहा, उठू नका.' डॉक्टर मात्र त्याला धरून चार पावले चालवतात. आपल्याला ते निष्ठुर वाटते. पण त्या माणसाचा भार त्याच्याच हाडांवर पडू देणे, हेच त्याचे औषध असते.