वाचन-अक्षमता
वाचन-अक्षमता किंवा डिसलेक्सिया ही एक विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. ती बुद्धीच्या कमतरतेमुळे उद्भवत नाही. शब्दातील ध्वनी वेगळे ओळखणे व ते अक्षरांशी जोडणे मुलाला अवघड जाते. निदान न झाल्यास असे मूल आळशी किंवा ‘ढ’ ठरवले जाण्याचा धोका असतो.

मराठीतील स्वरूप
देवनागरीत अक्षर व उच्चार यांचा मेळ इंग्रजीपेक्षा नियमित असतो. तरीही घ-ध, भ-म ही सारखी दिसणारी अक्षरे, जोडाक्षरे आणि व्यंजनाआधी लिहिली पण नंतर उच्चारली जाणारी ऱ्हस्व वेलांटी यांत गोंधळ होऊ शकतो. म्हणून तपासणी मुलाच्या भाषेतून होणे आवश्यक असते. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेली ‘डाली’ चाचणी मराठीतही आहे.

साहाय्य
अक्षर पाहणे, उच्चारणे व बोटाने गिरवणे या क्रिया एकत्र करून, सोप्या शब्दांकडून जोडाक्षरांकडे क्रमाने शिकवले जाते. रोजचा थोडा सराव उपयुक्त ठरतो.

सवलती
दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये या अक्षमतेचा समावेश आहे. महाराष्ट्रात प्रमाणपत्रधारक विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षांत वाढीव वेळ, लेखनिक इत्यादी सवलती मिळतात. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात यासाठी तपासणी होते.