सतरा फेब्रुवारी : गुरूची आणि शिष्याची

दिनविशेष वाचण्याची गोडी पुष्कळांस असते. अमुक दिवशी कोण जन्मास आला, कोण निवर्तला, कोणते राज्य बुडाले, हे दोन ओळींत समजते आणि चहाचा पेला रिकामा होण्यापूर्वी विसरूनही जाते. या छंदात वावगे काही नाही. मात्र अशा याद्या वाचताना एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. एका तारखेच्या दोरीत ओवलेल्या या माणसांचा एकमेकांशी संबंध तो काय?

१७ फेब्रुवारी हीच तारीख घ्या. १६०० साली या दिवशी रोम नगरीच्या चौकात जोर्दानो ब्रूनो या तत्त्वज्ञास पाखंडाच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. १६७३ साली फ्रेंच नाटककार मोलिएर रंगभूमीवर आजाऱ्याची भूमिका करीत असताना खरोखरच अत्यवस्थ झाला आणि त्याच रात्री वारला. वैद्यांच्या हाती छाती तपासण्याची नळी देणारा लेनेक १७८१ साली आणि बंगाली कवी जीवनानंद दास १८९९ साली याच दिवशी जन्मले. अमेरिकेतील अपाची लोकांचा लढवय्या पुढारी जेरोनिमो १९०९ साली, स्वतःच्या डोंगरांपासून फार दूर, युद्धकैदी म्हणूनच मरण पावला. ही सारी माणसे परस्परांस सर्वस्वी परकी. एखाद्या धर्मशाळेत एकाच रात्री उतरलेल्या वाटसरूंसारखी ती एका तारखेत उतरली आहेत, इतकेच.

पनवेलच्या परिसरात मात्र या तारखेला निराळे वजन आहे. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने निघाले की कर्नाळ्याचा सुळका नजरेत भरतो, आणि त्या किल्ल्याच्या सावलीत शिरढोण हे गाव लागते. या गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ साली किल्ला इंग्रजांकडे गेला आणि नातवाच्या वाट्यास पुण्यात सरकारी लष्करी हिशेबखात्यातील कारकुनी आली. १८७६-७७ च्या दुष्काळात रयतेची झालेली दैना पाहून या कारकुनाने लेखणी टाकली आणि रामोशी, कोळी, धनगर यांना हाताशी धरून १८७९ च्या फेब्रुवारीत बंडाचे निशाण उभारले. जुलै महिन्यात ते पकडले गेले. पुण्यात खटला चालला आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सर्वांचे सार्वजनिक काका, त्यांच्या बचावास उभे राहिले. शिक्षा जन्मठेपेची झाली, आणि मुंबई सरकारच्या अमलाखालील एडनच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. तेथूनही कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उचकटून ते एकदा निसटले, परंतु लवकरच पुन्हा सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, त्यांनी एडन येथे देह ठेवला.

हा दिवस शिरढोणास ठाऊक आहे. पनवेलच्या नाट्यगृहासही वासुदेव बळवंतांचे नाव आहे. परंतु याच तारखेवर, बरोबर दोन वर्षे आधी, आणखी एक मृत्यू नोंदलेला आहे. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी पुण्यात लहुजी राघोजी साळवे वारले, तेव्हा त्यांचे वय शहाऐंशी होते. मातंग समाजातील हे घराणे पुरंदरच्या रखवालीत वाढलेले. लहुजींचे वडील राघोजी १८१७ च्या नोव्हेंबरात इंग्रजांशी लढताना पडले. पेशवाई गेल्यावर लहुजींनी पुण्यात तालीम घातली आणि तेथे दांडपट्टा, तलवार, नेमबाजी शिकविण्यास आरंभ केला. जोतीराव फुले त्यांच्यापाशी ही विद्या शिकले. जोतीरावांनी शाळा काढल्या तेव्हा आपल्या समाजातील मुलांमुलींना त्या शाळांत पाठविण्यास लहुजींनी हातभार लावला. वासुदेव बळवंतांच्या हाती शस्त्र दिले तेही याच वस्तादांनी.

तेव्हा ब्रूनो आणि मोलिएर यांच्यासारखी ही केवळ आगंतुकांची गाठ नव्हे. ज्याने शिकविले तो आणि जो शिकला तो, दोघेही एकाच तारखेस गेले. शिष्याचा खटला पुण्यात चालला तेव्हा पंचाऐंशीच्या घरातले वस्ताद त्याच शहरात हयात होते. मुळा-मुठेच्या संगमाजवळ ज्या इमारतीत वासुदेव बळवंतांना ठेवण्यात आले, तेथून लहुजींची आजची संगमवाडीतील समाधी फार दूर नाही. पण दोघांची पुण्यतिथी एकत्र साजरी झाल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. एका समाजाच्या सभेत एकाची तसबीर असते, दुसऱ्याच्या सभेत दुसऱ्याची. तालमीत जे एका मातीत घुमले, त्यांना स्मरणात वेगवेगळ्या बाकांवर बसविण्याची ही आपली रीत आहे.

येथे कोणी शंका घेईल, की तारखेचे हे साम्य तरी खरे किती? पंचांग उघडले तर ते नाहीसेच होते. १८८१ सालचा तो दिवस माघ महिन्याच्या कृष्णपक्षात पडतो आणि १८८३ सालचा शुक्लपक्षात. तिथीने श्राद्ध करणाऱ्या त्या काळातील घरांना हे दोन दिवस एक वाटण्याचे कारणच नव्हते. शंका रास्त आहे, आणि तिच्यातूनच आपल्याला हवे ते उत्तर मिळते. या दोघांना एकत्र आणणारी गोष्ट तालमीतली विद्या होय. तारीख फक्त आठवण करून देते. आठवण झाल्यावर आखाड्यापासून एडनपर्यंतची वाट स्वतः चालून पाहणे हे वाचकाचे काम.

ती वाट चालताना आणखी एक गोष्ट नजरेस येते. १८७९ च्या मे महिन्याच्या १० व ११ तारखांना दौलतराव नाईक या रामोशी सरदाराच्या टोळीने कोकणात उतरून पळस्पे व चिखली येथे छापे घातले. लूट सुमारे दीड लाखाची होती. पळस्पे शिरढोणाहून हाकेच्या अंतरावर. म्हणजे बंड आपल्या पुढाऱ्याच्या अंगणापर्यंत आले होते, आणि ज्यांची घरे फुटली तेही याच मुलखातले लोक होते, हे विसरून चालणार नाही. घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने दौलतरावांना गाठले व ते गोळीस बळी पडले. बंडाचा कणाच त्या दिवशी मोडला. दौलतरावांचे नाव तरी उरले. त्यांच्यामागून डोंगर चढणारे जे शेकडो रामोशी, कोळी, धनगर होते, त्यांचा जन्मदिवस कोणी लिहून ठेवला नाही आणि मृत्युदिनही नाही. कोणत्याच दिनविशेषात त्यांना जागा मिळणार नाही.

म्हणून १७ फेब्रुवारीस शिरढोणास जाणाऱ्याने वासुदेव बळवंतांच्या प्रतिमेला फूल वाहताना एक फूल त्यांच्या वस्तादांसाठी राखावे, आणि एक बिनतारखेच्या त्या माणसांसाठी. वर्षात दिवस तीनशे पासष्टच आहेत, आणि आठवावी अशी माणसे त्याहून कितीतरी अधिक. तेव्हा एका दिवसात अनेकांना सामावून घेण्यावाचून आपल्यालाही गत्यंतर नाही.