संमेलन व्यवसाय
बैठका, परिषदा, प्रदर्शने आणि प्रोत्साहन-सहली (उत्तम विक्रीबद्दल कंपनीने विक्रेत्यांना घडविलेला प्रवास) यांच्या आयोजनाचा व्यवसाय. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास ‘माइस’ असेही म्हणतात. भारतात मोठ्या सभागृहांची उणीव दीर्घकाळ जाणवत होती. २०२२ मध्ये मुंबईत जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर, तर २०२३ मध्ये दिल्लीत भारत मंडपम व सुमारे ६,००० आसनांचे मुख्य सभागृह असलेले यशोभूमी सुरू झाल्याने ती बरीच भरून निघाली.

कोविड-१९च्या साथीत रूढ झालेली मिश्र पद्धत, म्हणजे काही प्रतिनिधी सभागृहात व काही पडद्यावर, टिकून राहिली असली, तरी ती स्वस्त पडते हा समज फारसा खरा नाही, कारण कॅमेरे व ध्वनियंत्रणेचा खर्च सभागृहाच्या भाड्यावर चढतो; शिवाय चहाच्या सुटीतल्या ओळखी, ज्यांसाठी पुष्कळजण खरे तर येतात, पडद्यावर होत नाहीत. कचऱ्याचा प्रश्न अधिक बिकट आहे. प्रदर्शनातील गालिचा बहुधा एकदाच अंथरला जातो आणि शेवटच्या संध्याकाळी प्लायवुड व फ्लेक्सच्या तुकड्यांसह ट्रकमध्ये भरला जातो. शाश्वत आयोजनासाठीचे आयएसओ २०१२१ हे २०१२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले मानक ऐच्छिक असल्याने त्याचे पालन यजमानाच्या मर्जीवर राहते.