ही कोंबडी खुडूक बसते का? (थ्रेड)

१/
गडचिरोली किंवा मूलच्या आठवडी बाजारात आज तीन तऱ्हेच्या कोंबड्या दिसतात: पाय बांधून आणलेली गावठी, पिंजऱ्यातील पांढरी ब्रॉयलर आणि या दोहोंच्या मधली ‘वनराजा’ किंवा ‘गिरिराज’. मांसासाठी घरी यांपैकी कोणती पाळावी? प्रश्न वजनाचा आणि भावाचा वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे तीन खंडांत फिरून आलेला इतिहास आहे. तो क्रमाने पाहू.

२/
आरंभ रानापासून. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, ८६३ पक्ष्यांच्या जनुकसंचांवरील अभ्यासाने तिचे माणसाळणे दक्षिण चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमारच्या टापूत झाल्याचे दाखवले. मात्र तिच्या पिवळ्या कातडीचे जनुक करड्या रानकोंबड्याकडून आले, हे २००८ च्या संशोधनातून पुढे आले होते. आणि करडा रानकोंबडा हा भारतातलाच. मध्य भारत आणि गोदावरीच्या पट्ट्यात या दोन रानकोंबड्यांच्या अधिवासांच्या सीमा जवळ येतात. चंद्रपूर-गडचिरोलीची अरण्ये याच पट्ट्यात मोडतात.

३/
या अरण्यांतील गोंड-माडिया घरांनी कोंबडी निवडली ती कोणत्या कसोटीवर? पहिली कसोटी जगण्याची. दिवसभर मोकळी फिरून धानाची कणी, किडे, वाळवी यांवर पोट भरणारी. शिक्रा, मुंगूस, रानमांजर यांची चाहूल लागताच पिल्लांना पंखाखाली घेणारी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळ येताच खुडूक होऊन २१ दिवस अंड्यांवर बसणारी.

४/
दुसरी कसोटी देवाची. पेन, म्हणजे कुळाचे वा गावाचे देव, यांना कोंबडा द्यायचा तर त्याचा रंग पाहिला जातो. पिल्लासमोर तांदळाचे दाणे टाकून ते टिपते का, यावरून देवाचा कौल घेण्याची प्रथा मध्य भारतातील गोंड समाजांत अभ्यासकांनी नोंदवली आहे. त्यामुळे काळी, तांबडी, पांढरी, ठिपक्यांची अशी विविधता कळपात टिकून राहिली. एकाच रंगाचा, एकाच मापाचा पक्षी या घराच्या उपयोगाचा नव्हता.

५/
तिसरी कसोटी झुंजीची. कोंबड्याच्या पायाला ‘काती’ बांधून खेळवला जाणारा ‘कोंबडबाजार’ या भागात आजही चोरून भरतो आणि पोलिसांच्या धाडीही पडतात. या मैदानाचा मानकरी पक्षी म्हणजे असील. छत्तीसगड, ओडिशा आणि आंध्र ही त्याची भूमी. ‘असील’ हा शब्द अरबी. आपला ‘अस्सल’ त्याच धातूपासून आलेला. उंच बांधा, रुंद छाती आणि घट्ट मांस ही त्याची ओळख.

६/
येथून कथा समुद्रापार जाते. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात १८२० च्या सुमारास असील आणि इंग्लिश झुंजार कोंबड्या यांच्या संकरातून एक नवी जात घडवली गेली. तिचे श्रेय परंपरेने बंगाल आर्मीतील सेनानी सर वॉल्टर गिल्बर्ट यांना दिले जाते. झुंजीत ती निष्प्रभ ठरली. पण छातीवरचे मांस पाहून सारे थक्क झाले. तिचे नाव ‘इंडियन गेम’, पुढे अमेरिकेत ‘कॉर्निश’.

७/
दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ नावाची राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९४८ च्या अंतिम फेरीत कॅलिफोर्नियाचे चार्ल्स व्हँट्रेस जिंकले. त्यांचा पक्षी होता तांबडी कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर यांचा संकर. आजच्या ब्रॉयलरच्या वंशावळीचा एक मोठा फाटा येथून निघतो. म्हणजेच दुकानातल्या पांढऱ्या कोंबडीच्या छातीत आपल्या असीलचा अंश आहे!

८/
भारतात १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज उभारली आणि कुक्कुटपालनाचा उद्योग झाला. ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आत दोन किलोंची होते. गावठी कोंबडीला सव्वा-दीड किलोसाठी सहा महिने लागतात. पण ब्रॉयलर अनेक निवडक वंशांच्या संकरातून येते. ते मूळ वंश कंपनीकडे राहतात, शेतकऱ्याकडे येते ते फक्त शेवटचे पिल्लू.

९/
मग सरकारी संशोधन संस्थांनी मधला मार्ग शोधला. बंगळूरच्या कृषी विद्यापीठातून ‘गिरिराज’ आली. १९८८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या कुक्कुट प्रकल्प संचालनालयाने ‘वनराजा’ आणि ‘ग्रामप्रिया’ दिल्या. रंगीत पिसे, परसात फिरण्याची क्षमता, गावठीहून अधिक वजन आणि अधिक अंडी. खेड्यातील कुटुंबाला याचा खरा लाभ झाला, हे मान्यच करायला हवे.

१०/
तरी एक अडचण उरली. अधिक अंड्यांसाठी निवड केली की खुडूक होण्याची वृत्ती मावळते, कारण खुडूक कोंबडी अंडी देणे थांबवते. शिवाय संकराच्या पुढच्या पिढीत गुण विखुरतात. म्हणून दर खेपेस पिल्ले हॅचरीतून आणावी लागतात. ज्या घरात बाईच्या हाती स्वतःचा असा पैसा येतो तो बहुधा कोंबड्यांतून, त्या घरासाठी हा फरक लहान नाही.

११/
पिल्लू आणि खरेदी दोन्ही दुसऱ्याच्या हाती गेल्यास काय होते, ते कडकनाथने दाखवले. झाबुआच्या या काळ्या मांसाच्या कोंबडीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले; गडचिरोलीपासून फार दूर नसलेल्या दंतेवाड्यासाठीही दावा झाला होता. पुढच्याच वर्षी इस्लामपूर येथून कडकनाथ घोटाळा उघडकीस आला. ‘पक्षी आम्ही देऊ, अंडी-कोंबड्या आम्हीच चढ्या भावाने घेऊ’ या वचनावर शेकडो शेतकऱ्यांनी पैसे गुंतवले होते. दोष कोंबडीचा नव्हता.

१२/
गावठी म्हणजे सर्वगुणसंपन्न, असेही समजू नये. राणीखेत, म्हणजेच मानमोडी, आली की लस न दिलेले सारे परस एका आठवड्यात रिते होते. लासोटा आणि आर-२-बी या लसी गावठीलाही तितक्याच आवश्यक आहेत. बर्ड फ्लूही भेद करत नाही. २००६ साली नवापुरात भारतातील पहिला उद्रेक झाला, तेव्हा फार्मसोबत परसातल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. जानेवारी २०२५ मध्ये ब्रह्मपुरी तालुक्यातील मांगलीपर्यंत तो पोहोचला.

१३/
मग निवड कोणती? झटपट मांस विकायचे असेल आणि खाद्य विकत घेण्याची ऐपत असेल, तर ब्रॉयलर. घरचे खाणे आणि थोडी विक्री हवी असेल, तर वनराजा-गिरिराज. पण त्यांच्यासोबत दोन-तीन गावठी माद्या अवश्य ठेवाव्यात. त्या परक्या अंड्यांवरही तितक्याच निष्ठेने बसतात, आणि घरचा वंश घरात राहतो.

१४/
असील येथून गेला, कॉर्निश झाला, ब्रॉयलर होऊन परतला. या प्रवासात वजन वाढत गेले आणि अंड्यांवर बसणे यंत्राकडे गेले. म्हणून पुढच्या वेळी बाजारात कोंबडी घेताना भाव अवश्य विचारा, वजनही पाहा. आणि विकणाऱ्या मावशींना आणखी एक प्रश्न विचारा: ही खुडूक बसते का?