मुचकुंदेच्या काठी

मराठवाड्यातून हैदराबादेस येऊन स्थिरावलेल्या आमच्या घराण्यांत गोदावरीला ‘गंगा’ म्हणण्याची रीत आहे. ‘गंगेवर जाऊन आलो’ असे वडीलधारे म्हणत, तेव्हा ते काशीहून नव्हे, तर नांदेडहून, पैठणहून किंवा बासरहून परतलेले असत. विसाव्या शतकाच्या आरंभी सिकंदराबाद ते मनमाड हा लोहमार्ग पूर्ण झाला आणि ही यात्रा सुलभ झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला. तोवर नांदेडचा घाट आणि अंबरपेठ एकाच राज्यात होते. सीमा बदलली, परंतु अस्थिविसर्जन असो वा पर्वणीचे स्नान, आपली पावले त्याच नदीकडे वळत राहिली.

गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो. त्याच योगावर आपले तेलुगू शेजारी गोदावरीचे पुष्कर पाळतात. त्यांचे आदिपुष्कर बारा दिवसांचे, आपला सिंहस्थ वर्षभराहून अधिक चालणारा. जुलै २०१५ मध्ये, तेलंगण राज्य होऊन जेमतेम वर्ष झाले असता, बासर, धर्मपुरी, काळेश्वर येथील घाट पुष्करासाठी गजबजले आणि त्याच पावसाळ्यात नाशिकला शाही स्नाने झाली. दोन पंचांगपरंपरांच्या मध्ये राहणाऱ्या हैदराबादकर मराठी कुटुंबांना दोन्ही घाट आपलेच वाटतात.

असे असूनही दाराशी वाहणाऱ्या मुसीला मात्र आपण तीर्थांत गणत नाही. तिचेही पौराणिक नाव आहे, मुचकुंदा. कालयवनाला दृष्टिक्षेपाने भस्म करणाऱ्या मुचकुंद राजाशी परंपरेने तिचे नाते जोडले आहे. विकाराबादजवळ अनंतगिरीच्या डोंगरात, अनंतपद्मनाभाच्या सान्निध्यात ती उगम पावते. सुमारे २४० किलोमीटर वाहून नलगोंडा जिल्ह्यातील वाडपल्लीस ती कृष्णेला मिळते. त्या संगमावर अगस्त्येश्वराचे मंदिर आहे आणि ऑगस्ट २०१६ च्या कृष्णा-पुष्करात तेथे भाविकांनी स्नान केले. म्हणजे ही नदी उगमाशी पवित्र आहे, संगमाशीही पवित्र आहे. तिचे तीर्थत्व हरपते ते केवळ आपल्या नगरात.

हे नेहमीचे नव्हते. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात हजारो माणसे दगावली, तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी पंडितांच्या सांगण्यावरून नदीची पूजा करून तिला वस्त्रे वाहिली, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, मुसी ही पूजनीय नदी आहे याविषयी नगरवासीयांच्या मनात शंका नव्हती, एवढे त्यातून दिसते. पुढे विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्यानुसार उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे जलाशय झाले. पुराचे भय ओसरले, नगराला पिण्याचे पाणी मिळाले. परंतु खाली नदीत उरलेल्या क्षीण प्रवाहात वाढत्या वस्तीचे सांडपाणी मिसळत गेले. दोष जलाशयांचा नव्हे. नदीला गटार करणाऱ्या सवयीचा आहे.

या सवयीवरचा उपायही अंबरपेठेतच आहे. येथील शुद्धीकरण केंद्राची क्षमता दररोज ३३९ दशलक्ष लिटर सांडपाण्याची आहे. येथून खाली जाणारे पाणी कसे आहे, यावर पुढल्या गावांची शेते आणि वाडपल्लीचा संगम अवलंबून आहे. याच अंबरपेठेत राडारोड्याने बुजलेले बतुकम्मा कुंटा २०२५ मध्ये पुन्हा पाण्याने भरले आणि फुले विसर्जित करण्यास स्त्रियांना हक्काचे पाणी मिळाले. पाणी परतले तसा सणही काठावर परतला.

आम्हांस वाटते, यातच बोध आहे. घाट बांधल्याने वा आरती ओवाळल्याने नदी तीर्थ होत नाही. तिच्या पाण्यात उतरण्याचे धैर्य व्हावे लागते. २०२७ मध्ये नाशिकची सिंहस्थस्नाने आणि गोदावरीचे पुष्कर पुन्हा येत आहेत. आपण अवश्य जाऊ. मात्र त्याआधी एकदा मुलानातवंडांना अनंतगिरीस नेऊन मुचकुंदेचे निर्मळ पाणी दाखवावे, आणि परतताना हीच नदी आपल्या अंबरपेठेवरून वाहते, हेही सांगावे.