हलका हात, ठाम फ्रेम

तुमच्यापैकी कुणी कॅमेरा असिस्टंट म्हणून काही सिनेमे केले असतील, कुणी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायाचित्रण शिकत असेल. कुणी लग्नसमारंभांसाठी मोटरचा गिंबल घेतला असेल आणि त्यावर हात बसल्यावर आता पुढे काय, असे वाटू लागले असेल. सगळ्यांना या पुस्तकात जागा आहे. स्टेडिकॅम आणि त्याच्या भावंडांचे हे क्षेत्र जेमतेम पन्नास वर्षांचे आहे. त्याचा इतिहास, त्यामागचे शास्त्र आणि कामाच्या बहुतेक रीती चिकाटीच्या वाचकाला काही महिन्यांत समजू शकतात. अंगात मुरायला मात्र वर्षे जातात.

पुस्तकभर एकच गोष्ट निरनिराळ्या अंगांनी येणार आहे, ती आधीच सांगून टाकतो. ऑपरेटरच्या शरीराची हालचाल कॅमेऱ्यापर्यंत पोहोचू न देणे, एवढेच स्टेडिकॅम हे यंत्र करते. काय दाखवायचे, कधी निघायचे, कुठे थांबायचे, कुणाला किती जवळून पाहायचे, यातले त्याला काहीही कळत नाही. ते ऑपरेटरच्या पायांत, कमरेत आणि दोन-तीन बोटांत असते. साहित्याची निवड, बॅलन्स करण्याची पद्धत, सेटवरच्या सवयी, थकल्यावर ‘आता थांबू’ असे दिग्दर्शकाला स्पष्ट सांगणे, हे सगळे या एका गोष्टीतून निघते. ती नीट कळली तर नियम पाठ करावे लागत नाहीत.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चालत्या शॉटसाठी एकतर रूळ टाकून ट्रॉली ढकलायची किंवा क्रेन आणायची, नाहीतर कॅमेरा सरळ खांद्यावर घ्यायचा, अशी स्थिती होती. ट्रॉलीला सपाट जमीन लागते, तिचे रूळ फ्रेममध्ये दिसून चालत नाही आणि जिन्यावर ती निरुपयोगी. खांद्यावरचा कॅमेरा वाटेल तिथे जातो, पण प्रत्येक पावलाचा हिसका पडद्यावर दिसतो. फिलाडेल्फियाचा गॅरेट ब्राऊन आधी लोकसंगीत गाणारा, मग जाहिरातपट करणारा माणूस. अवजड ट्रॉली ओढून तो कंटाळला होता. एकामागून एक विचित्र दिसणारे सांगाडे त्याने बनवून पाहिले. शेवटी एका मोटेलात स्वतःला कोंडून घेऊन त्याने आराखडा पुरा केला. जे तयार झाले तोच स्टेडिकॅम. त्यातून काय काय टिपता येते हे दाखवणारी एक छोटी फिल्म त्याने काढली. तिच्यात त्याची मैत्रीण फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्या धावत उतरते आणि पुन्हा चढते. दिग्दर्शक जॉन अ‍ॅविल्डसनने ती पाहिली आणि या पायऱ्या कुठल्या, अशी चौकशी केली. १९७६च्या ‘रॉकी’त नायक धावत चढतो त्या ७२ पायऱ्या याच.

त्याच वर्षीच्या ‘बाउंड फॉर ग्लोरी’तला शॉट मला या विद्येचा पहिला खरा धडा वाटतो. छायाचित्रकार हॅस्केल वेक्सलरने ब्राऊनला क्रेनवर उभे केले. क्रेन खाली आली, ब्राऊन तिच्यावरून उतरला आणि स्थलांतरित मजुरांच्या छावणीतल्या गर्दीतून डेव्हिड कॅरडाइनच्या सोबतीने चालत गेला. कट नाही. पाहणाऱ्याला कॅमेरा कशावरून कशावर गेला हे कळत नाही, कळायचे कारणही नाही. पण शिकणाऱ्याने इथे क्रेनकडे पाहावे. ऑपरेटर उतरतो त्या क्षणी फळीवरचे एका माणसाचे आणि अख्ख्या यंत्राचे वजन नाहीसे होते, आणि क्रेन उसळू शकते. म्हणून असा शॉट घेताना त्याच्या जागी तत्काळ दुसरे वजन चढवावे लागते किंवा क्रेन आधीपासून धरून ठेवावी लागते. उतरण्याचे ते एक पाऊल सहज दिसावे यासाठी चार-पाच जणांना श्वास जुळवून काम करावे लागते. त्या सिनेमाच्या छायाचित्रणासाठी वेक्सलरला ऑस्कर मिळाले. ब्राऊनला आणि यंत्राचे उत्पादन करणाऱ्या सिनेमा प्रॉडक्ट्स कंपनीच्या अभियंत्यांना १९७८मध्ये अकादमीने तांत्रिक कामगिरीसाठी गौरवले.

आता यंत्र. वेस्ट, आर्म आणि स्लेड असे त्याचे तीन भाग. वेस्ट अंगावर घट्ट बसते आणि ओझे खांद्यांवरून कमरेकडे वळवते. आर्म म्हणजे स्प्रिंगांचे दोन जोडलेले सांगाडे. टेबलावरचा स्प्रिंगचा दिवा जसा ठेवाल त्या उंचीवर थांबतो, त्याच तत्त्वावर तो चालतो आणि पावलांचे वरखाली होणे गिळून टाकतो. स्लेड म्हणजे उभा पोस्ट, वर कॅमेरा, खाली बॅटरी आणि मॉनिटर. पोस्टवर, गुरुत्वमध्याच्या किंचित वर, बिनघर्षणाचा म्हणावा असा सांधा, म्हणजे गिंबल, असतो.

वजन असे वर-खाली का पसरवले, हा प्रश्न या क्षेत्राचे दार उघडतो. डोंबाऱ्याच्या हातातला लांब बांबू आठवा. तेवढ्याच वजनाची गाठोडी हातात असती तर त्याचा उपयोग झाला नसता. टोके लांब असल्यामुळे बांबू चटकन फिरत नाही, आणि तोल सावरायला वेळ मिळतो. स्लेडचेही तेच. वजन मध्यापासून दूर नेले की लहानसहान धक्क्यांनी कॅमेरा डगमगत नाही. मात्र जो सहज हलत नाही तो सहज थांबतही नाही. वळण सुरू करताना जितकी हळुवार ताकद लागते तितकीच ते संपवताना उलट लावावी लागते, आणि ती थांबायच्या जागेच्या आधीपासून. नवशिक्याचा पॅन नटाच्या चेहऱ्यापुढे जाऊन मागे येतो तो यामुळे.

बॅलन्स करताना घाई करणारा ऑपरेटर दिवसभर त्याची किंमत मोजतो. स्लेड स्टँडवर अडकवला की आधी वरची प्लेट मागेपुढे आणि डावी-उजवीकडे सरकवून पोस्ट सरळ उभा राहतोय का ते पाहायचे. मग पोस्ट आडवा धरून सोडायचा आणि मनात आकडे मोजायचे. आडव्यापासून उभ्यापर्यंत यायला साधारण तीन सेकंद लागले तर बहुतेक कामांना ते ठीक. एका सेकंदात खाली आला तर स्लेड तळाशी जड आहे. असा स्लेड उभा छान राहतो, पण तुम्ही चालू लागलात की तळ मागे रेंगाळतो आणि फ्रेम कलते. थांबलात की लंबकासारखा पुढे झुलतो. शेवटी पोस्टला फिरकी द्यायची. उभा असताना अगदी सरळ वाटणारा स्लेड फिरताना भोवऱ्यासारखा डुलू लागतो असे पुष्कळदा होते. बॅटरी आणि मॉनिटर पोस्टपासून किती दूर आहेत आणि कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य किंचित मागे आहे की नाही, यावर हे अवलंबून असते. या फिरकीच्या परीक्षेत पास झालेला स्लेड हातात घेतल्यावर बोटांना लगेच कळतो. त्या क्षणाचे सुख मी शब्दांत नीट सांगू शकत नाही, पण ते तुम्हा सर्वांना मिळावे अशी फार इच्छा आहे.

आर्म वेस्टला जिथे जोडला जातो तिथे दोन स्क्रू असतात. ते नीट लागले आहेत की नाही याची परीक्षा सोपी आहे: ताठ उभे राहा, दोन्ही हात सोडा, कॅमेरा होता तिथेच तरंगत राहिला पाहिजे. तो पुढे पळत असेल आणि तुम्ही तो हाताने ओढून धरत असाल, तर दिवसाच्या शेवटी पाठ बोलू लागेल. मोठ्या कॅमेऱ्यासकट ओझे तीस किलोच्या घरात सहज जाते. ते पेलायचे ते सांगाड्याच्या रेषेत उभे राहून. जे पुढे वाकून पेलतात त्यांची कारकीर्द लवकर आटोपते.

हातांची कामे वेगळी आहेत. एक हात आर्मच्या मुठीवर. कॅमेरा वर-खाली, जवळ-दूर नेणे हे त्याचे. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे गिंबलजवळ पोस्टला नुसती टेकलेली. पॅन आणि टिल्ट याच बोटांतून होतात. भीती वाटली की माणूस मूठ आवळतो आणि मूठ आवळली की शरीराची सगळी थरथर कॅमेऱ्यात उतरते. म्हणजे ज्या क्षणी यंत्रावर विश्वास ठेवायला हवा, नेमके तेव्हाच आपण त्याचे काम मोडून टाकतो. डोळेही मोकळे असतात. व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेला नसतो. नजर खालच्या मॉनिटरवर असते, आणि डोळ्यांच्या कडांनी जमीन, केबल, उंबरा, नटाची पावले दिसत राहतात. पूर्वी हे मॉनिटर हिरव्या पडद्याचे असत, कारण भर उन्हात तो हिरवा प्रकाश दिसे.

काही शॉट सर्वांनी अभ्यासावेत असे आहेत. ‘द शायनिंग’मध्ये (१९८०) स्टॅनली क्युब्रिकला लहान मुलाच्या तिचाकीमागून जमिनीलगत जाणारा कॅमेरा हवा होता. ब्राऊनने स्लेड उलटा करून कॅमेरा खाली आणला आणि चाकांच्या खुर्चीवरून तो शॉट घेतला. स्टेडिकॅम म्हणजे चालणे, ही कल्पना तिथेच सैल झाली. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या (१९८३) जंगलातल्या सुसाट पाठलागासाठी तोच ब्राऊन कॅलिफोर्नियाच्या रेडवुड वृक्षांमधून चालत गेला. कॅमेरा सेकंदाला एका फ्रेमपेक्षाही कमी वेगाने चालत होता. पडद्यावर २४च्या गतीने तो चालणारा माणूस उडू लागला. चालण्यातली एवढीशी चूकही त्या गुणाकारात राक्षसी झाली असती. आणि ‘गुडफेलाज’मध्ये (१९९०) लॅरी मॅकॉन्कीने न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबच्या मागच्या दारापासून टेबलापर्यंत जोडप्याचा माग काढला, तो शॉट आवाज बंद करून पाहा. वाटेत कुणी नमस्कार करतो, कुणाच्या हातावर नोट टेकवली जाते. त्या छोट्या थांब्यांमुळे मागून येणाऱ्या कॅमेऱ्याला जवळ यायला, कोपरा वळायला कारण मिळते. ऑपरेटर कथेत किती खोल उतरलेला असतो याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. आपल्याकडे १९८९च्या तेलुगू ‘शिवा’तल्या पाठलागांनी हे यंत्र अनेकांच्या नजरेत भरवले.

फिल्मच्या काळात शॉटची लांबी रीळ ठरवत असे. ३५ मिमीचे ४०० फुटी रीळ साडेचार मिनिटांच्या आत संपते, आणि चालता चालता फिल्म एका बाजूकडून दुसरीकडे जाते म्हणून बॅलन्सही बदलत राहतो. डिजिटलने ही मर्यादा काढली आणि भार ऑपरेटरच्या देहावर टाकला. २३ डिसेंबर २००१ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये टिलमान ब्युटनर कॅमेरा घेऊन निघाला, तो दीड तासाने थांबला. अलेक्सांद्र सोकुरोवचा ‘रशियन आर्क’ हा सिनेमा म्हणजे हा एकच शॉट. पहिले तीन प्रयत्न लवकरच मोडले होते आणि हिवाळ्यातला उजेड संपत आला होता. मी विद्यार्थ्यांना त्यातला शेवटचा नाच पुन्हा पाहायला सांगतो. तासाहून अधिक ओझे वाहिलेला माणूस नाचणाऱ्यांमधून वाट काढतो आहे, आणि क्षितिज कललेले नाही.

२०१३नंतर मोटरचे गिंबल स्वस्त आणि सर्वत्र झाले, तेव्हा स्टेडिकॅम संपला असे बोलले गेले. ते घाईचे होते. कॅमेरा तीन अक्षांवर फिरतो आणि तीन दिशांना सरकतो. मोटर आणि सेन्सर फिरणे सावरतात, पण पावलाबरोबरचे वरखाली सरकणे तसेच उरते. ते आर्म गिळतो. म्हणून पुढे दोन्ही एकत्र आले. ‘१९१७’ या सिनेमात (२०१९) अ‍ॅरीच्या ट्रिनिटीवर घेतलेले शॉट या मिलाफाचे आहेत. गिंबल वापरणाऱ्यांनी स्वतःला कमी लेखू नये. त्यांनी फक्त पायांचा अभ्यास राहून गेला आहे का, ते पाहावे.

हे काम एकट्याचे दिसते, पण नसते. फोकस पुलर वायरलेस फोकस हातात घेऊन बाजूला उभा असतो. अंतर सतत बदलत असताना त्याला मोजपट्टीचा आधार नसतो, म्हणून तालमीत त्याच्याशी बोलणे हा कामाचाच भाग आहे. उलटे चालताना कमरेला हात लावून वाट दाखवणारा एक माणूस हवाच. जिन्यावर, केबलांच्या गर्दीत, वाहनाजवळ तो नसेल तर शॉट घेऊ नये. वारा हा या यंत्राचा जुना शत्रू. समुद्रकिनारी किंवा गच्चीवर सेटिंगवाल्यांना कापडाची चौकट घेऊन सोबत चालायला सांगावे लागते. तालीम यंत्राशिवाय, मोकळ्या हातांनी चालून करावी. दोन टेकच्या मध्ये स्टँड तुमच्याकडे यावा. तुम्ही स्टँडकडे चालत जात असाल तर युनिटला अजून सवय लागलेली नाही, असे समजावे. वेस्ट झटक्यात कसे सोडायचे हे असिस्टंटलाही येत असले पाहिजे. चौथ्या, पाचव्या टेकनंतर पाय जड झाले तर तसे सांगावे. थकलेल्या ऑपरेटरची फ्रेम आधी कलते, आणि तो पडतो नंतर.

हे धिप्पाड पुरुषांचे काम आहे, हा समज मला खोडून काढायचा आहे. क्युब्रिकच्या ‘आइज वाइड शट’ची (१९९९) स्टेडिकॅम ऑपरेटर एलिझाबेथ झिग्लर होती. या विद्येचे सर्वांत उपयुक्त हस्तपुस्तक जेरी हॉलवेसोबत लॉरी हेबॉल या ऑपरेटर स्त्रीने लिहिले आहे. अंगाला नीट बसलेले वेस्ट आणि ताठ उभे राहण्याची सवय या दोन गोष्टी दंडाच्या ताकदीपेक्षा फार पुढे नेतात.

प्रकरणांचा क्रम म्हणूनच उलटा वाटेल. आधी शरीर, मग वेस्ट आणि आर्म, मग स्लेड, कॅमेरा सर्वांत शेवटी. पहिले प्रकरण वाचण्याआधी भिंतीवर छातीच्या उंचीला टेपची एक फुली चिकटवा आणि तिच्यापासून मागे जमिनीवर सरळ पट्टी ओढा. स्लेड मिळाला तर उत्तमच. नसेल तर हातात साधा फोन चालेल. फुली फ्रेमच्या मध्यावर धरून पट्टीवरून तिच्याकडे चालत जा, थांबा, तसेच मागे या. मग पाठ फिरवून, कॅमेरा मात्र फुलीकडेच ठेवून, दूर चालत जा. जगभरच्या स्टेडिकॅम कार्यशाळांत पहिल्या दिवशी हेच करवून घेतात, आणि वीस वर्षे काम केलेली माणसेही मोठ्या शॉटच्या आदल्या संध्याकाळी हेच करताना दिसतात. फुली सर्वांत जास्त कुठे हलते ते लिहून ठेवा: निघताना, थांबताना, की वळताना. त्या टिपणानुसार पुढची प्रकरणे कोणत्या क्रमाने वाचायची हे तुम्हीच ठरवा.