चालत्या गाडीतली शेगडी

हा भाग ऐकायला वेळ नाही, वाचायला आहे, अशांसाठी लिहून काढलाय. रेकॉर्डिंगमध्ये जे घाईत राहून गेलं, तेही इथं घातलंय. आजचा विषय थोडा विचित्र वाटेल: चालत्या गाडीत गॅस पेटता ठेवण्याचा इतिहास. पण सुरुवात सोलापुरातूनच करू.

मी आठवीत होतो. कार्तिकी वारी होती. आमच्या गल्लीतली वीस-बावीस माणसं एका टेम्पोनं रात्री पंढरपूरला निघाली. मोहोळ मागं पडलं आणि गारठा झोंबायला लागला. आपल्याकडं उन्हाळ्याचंच कौतुक जास्त, पण माळरानावरून येणारं कार्तिकातलं वारं ताडपत्रीच्या फटीतून आत शिरलं की कळतं. मग आम्ही ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट बांधून घेतली. बरोबर पाच किलोचा छोटा सिलिंडर होता, त्यावर बर्नर. कुणीतरी म्हणालं, बारीक करून ठेवू, ऊबही राहील आणि चहाही होईल. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

थोड्या वेळानं आजी म्हणाली, "डोकं जड झालंय गं." शेजारच्या काकू म्हणाल्या, "माझंही." जागरणानं होत असेल, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग एक गतिरोधक आला, ड्रायव्हरला तो दिसला नाही. पातेलं उडालं, चहा सांडला, ज्योत विझली. मिनिटभरात गॅसचा वास. आजी ओरडली, "आरं थांबव गाडी! काडी वढू नगा कुणी! आधी खाली उतरा समदी!"

कुणाला काही झालं नाही. रस्त्याकडेला उभं राहून आम्ही थंडीत कुडकुडलो आणि नंतर त्या गोष्टीवर हसलोसुद्धा. खूप वर्षांनी कळलं, की त्या टेम्पोत एक नाही, दोन वेगवेगळे धोके होते. वास आला म्हणून दुसरा कळला. पहिला, ते डोकं जड होणं, आम्ही जागरणावर ढकलून दिला होता.

हे दोन धोके माणसाला कसे कळत गेले, तोच आजचा इतिहास.

चाकांवर गॅस पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आला तो रेल्वेत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1860 मध्ये सोलापूरला पोचली. त्या काळात डब्यात उजेड म्हणजे तेलाचा दिवा. पुढं बर्लिनच्या ज्युलियस पिंट्श यांनी तेलापासून बनवलेला गॅस दाबून टाकीत भरायची पद्धत काढली. टाकी डब्याखाली, तिथून नळी वर छतातल्या दिव्यापर्यंत. गाडी पळतेय आणि दिवे जळतायत. जगभरच्या रेल्वेंनी ही पद्धत उचलली, कारण उजेड तेलाच्या दिव्यापेक्षा कितीतरी चांगला होता.

मग 24 डिसेंबर 1910. इंग्लंडमध्ये हॉज जंक्शनजवळ, कडाक्याच्या थंडीत, पहाटेच्या अंधारात लंडनहून ग्लासगोला निघालेली एक्सप्रेस पुढं चाललेल्या दोन रिकाम्या इंजिनांवर आदळली. डबे लाकडी. गॅसच्या नळ्या फुटल्या, आग लागली, 12 माणसं गेली. यानंतर विजेच्या दिव्यांचा आग्रह वाढला, पण जुने डबे फेकायला कुणी तयार नव्हतं. 22 मे 1915 ला स्कॉटलंडमध्ये क्विंटिन्सहिलला सैनिकांची गाडी धडकली. तेच लाकडी डबे, त्याच गॅसच्या टाक्या. 200 हून जास्त माणसं गेली, बहुतेक तरुण सैनिक. उपाय माहीत होता. तो जुन्या डब्यांपर्यंत पोचला नव्हता, एवढंच.

गंमत बघा, हॉज जंक्शन झालं त्याच 1910 साली अमेरिकेत वॉल्टर स्नेलिंग नावाचा रसायनशास्त्रज्ञ पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या वाफा तपासत होता. त्यात त्याला प्रोपेन सापडला. प्रोपेन उणे 42 अंशालाही उकळतो, म्हणजे बर्फातसुद्धा सिलिंडरमधून वायू होऊन बाहेर येतो. ब्युटेनचं तसं नाही. तो शून्याच्या आसपासच सुस्त पडतो. आपल्या घरच्या लाल सिलिंडरमध्ये या दोघांचं मिश्रण असतं, म्हणून सोलापूरच्या थंडीत तो बिनतक्रार चालतो आणि हिमालयात कुरकुर करतो.

अमेरिकेत, युरोपात लोक मोटारीमागं चाकांचं घर जोडून फिरायला लागले, तेव्हा त्या घरात शेगडी, फ्रिज आणि हीटर प्रोपेनवरच आले. हो, फ्रिजसुद्धा! 1922 मध्ये स्वीडनच्या दोन विद्यार्थ्यांनी, फॉन प्लाटेन आणि मुंटर्स यांनी, ज्योतीच्या उष्णतेवर चालणारा फ्रिज बनवला. त्यात एकही फिरणारा भाग नाही. मग प्रश्न आला: हिवाळ्यात आठ तासांचा प्रवास आहे, घर मागं ओढलं जातंय, आतलं पाणी गोठायला नको, तर हीटर चालू ठेवायचा की बंद?

इथं ते दोन धोके समोर आले.

पहिला धोका धुराचा. बंद जागेत ज्योत जळते तेव्हा ती आतला ऑक्सिजन खाते. ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसला वास असतो, कारण गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडमध्ये असं काही मिसळता येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा साधारण 200 पट घट्ट चिकटतो. आधी डोकं जड, मग मळमळ, मग झोप. आजीचं डोकं कशानं जड झालं असेल, ते आता लक्षात आलं असेल तुमच्या.

यावर तोडगा जर्मनीत निघाला. ट्रुमा नावाच्या कंपनीनं 1961 मध्ये ट्रेलरसाठी असा गॅस हीटर आणला, की त्याची ज्योत बंद पेटीत जळते, हवा बाहेरून घेते आणि धूर बाहेरच सोडते. आतल्या माणसाला मिळते फक्त ऊब.

दुसरा धोका तुटण्याचा. धक्क्यानं ज्योत विझली किंवा नळी निसटली तर गॅस साचतो. हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळं तो वर जात नाही, जमिनीवर पाण्यासारखा पसरतो. म्हणून अशा गाड्यांत हवेची जाळी तळाशीही असते. आज युरोपात चालत्या गाडीत गॅसचा हीटर लावायचा, तर अपघातात नळी तुटली तरी गॅस मोकाट सुटणार नाही, अशी व्यवस्था लागते. धडक बसली की गॅस आपोआप बंद करणारे रेग्युलेटर तिथं मिळतात. तरीही पेट्रोल पंपावर ज्योत बंदच. अमेरिकेत तर काही बोगद्यांत शिरण्याआधी सिलिंडरचा कॉक बंद करावा लागतो. मला यात त्या 1910 च्या पहाटेची आठवण दिसते, नियम लिहिणाऱ्यांना असो वा नसो.

आता आपल्याकडं या. रेल्वेत सिलिंडर नेणं हा 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 164 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी 26 ऑगस्ट 2023 ला मदुराई स्टेशनजवळ उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात चोरून आणलेल्या सिलिंडरनं आग लागली आणि 9 जण गेले. आणि डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघं जण मृत सापडले. एसी चालावा म्हणून लावलेल्या जनरेटरचा धूर आत शिरला होता. दोन्ही गाड्या उभ्या होत्या, हे लक्षात घ्या. म्हणजे गाडी थांबवली की सुटलो, असंही नाही.

महाराष्ट्रानं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तुमच्यापैकी कुणी ना कुणी पुढच्या थंडीत व्हॅन घेऊन निघणारच. दिंडीचे ट्रक तर दरवर्षी निघतात, त्यात शेगड्या आणि सिलिंडर असतातच. जुन्या दिंड्यांची रीत साधी आहे: मुक्कामाला पोचायचं, सामान उतरवायचं, उघड्यावर चूल मांडायची. ही रीत कुठल्या कायद्यातून आलेली नाही, पण आमच्या टेम्पोनं तेवढी पाळली असती तरी पुरलं असतं.

तर ज्योत पेटवण्याआधी तीन प्रश्न विचारा. हिला हवा कुठून मिळणार? हिचा धूर कुठं जाणार? आणि काही तुटलं तर गॅस कोण बंद करणार? एकाचंही उत्तर आलं नाही, तर कॉक बंद. आणि कुणी म्हणालं "डोकं जड झालंय", तर आधी दार उघडा, माणसं बाहेर काढा, मग कारण शोधा.

थंडीचं काय, म्हणाल. अहो, आपण सोलापूरकर. जगाला चादर आपण विकतो. त्या रात्री आमच्या टेम्पोत एका बोचक्यात सहा चादरी घडी घालून ठेवलेल्या होत्या, पंढरपुरात अंथरायला म्हणून. गाडीतून उतरल्यावर आजीनं ते बोचकं सोडलं आणि उरलेला रस्ता आम्ही त्याच पांघरून गेलो. चहा चंद्रभागेच्या वाळवंटात झाला, पहाटे, उघड्यावर.

भेटू पुढच्या भागात. तोवर, तुमच्या घरी असा एखादा किस्सा असेल तर आजी-आजोबांना विचारून ठेवा.